स्टॉल घ्यावा, की नुसतं फिरून यावं? औद्योगिक प्रदर्शनाचा हिशोब

एक कोरा कागद घ्या आणि तुमचा माल घेऊ शकतील अशा कंपन्यांची नावं त्यावर लिहून काढा. नुसती कंपनी पुरेशी नाही, तिथे खरेदी कोण ठरवतं त्या माणसाचं नावही लिहा. यादी पंचवीस-तीस नावांत संपली आणि त्यातल्या बहुतेकांचे नंबर तुमच्याकडे असले, तर स्टॉलवर घालायचे पैसे त्या तीस दारांशी जाण्यात घाला. यादी करताच येत नसेल, म्हणजे आपला माल नक्की कोणाकोणाला लागू शकतो हे तुम्हालाच ठाऊक नसेल, तर मग प्रदर्शनाचा विचार जरूर करा.

बहुतेक कारखाने या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतात आणि निर्णय तिथेच अडतो. समोर चार वाटा असतात: स्वतःचा स्टॉल, एखाद्या संघटनेच्या सामायिक दालनातली जागा, पास काढून नुसतं फिरणं, आणि तेच पैसे प्रदर्शनाबाहेर खर्च करणं. माझा कल आधीच सांगून टाकतो. कोणत्याही प्रदर्शनात पहिल्या खेपेला फिरून यावं, आणि स्टॉल घेतलाच तर तो अनोळखी गिऱ्हाइकासाठी घ्यावा. ओळखीच्यांना भेटायची जागा म्हणून स्टॉल फार महाग पडतो.

हॅनोव्हरचं प्रदर्शन १९४७ साली सुरू झालं, तेव्हा नेमकं हेच कारण होतं. युद्धानंतरच्या जर्मनीत कोणता कारखाना उभा आहे आणि तिथे काय बनतं, हे परदेशी खरेदीदाराला कळायला दुसरा धड मार्ग नव्हता. २१ दिवसांत सुमारे १,३०० प्रदर्शकांकडे ७ लाख ३६ हजार लोक येऊन गेले आणि ३ कोटी डॉलरहून अधिक रकमेचे निर्यात करार झाले. त्याच मैदानावर १९८६ पासून वेगळं भरू लागलेलं सेबिट हे संगणकांचं प्रदर्शन मात्र २०१८ नंतर बंद पडलं. प्रदर्शक आणि भाड्याने जाणारी जागा दोन्ही घटत गेली होती. माझ्या मते या दोन गोष्टी एकत्र वाचाव्यात. सॉफ्टवेअर आणि संगणक घरबसल्या पडद्यावर बघता येतात, चारशे टनांचा प्रेस बघता येत नाही. तुमचा माल या दोहोंपैकी कोणाच्या जवळचा आहे, यावर बरंच काही ठरतं.

भाडं आणि त्याच्या मागून येणारी बिलं

ऑर्गनायझरच्या कोटेशनवर दिसतो तो जागेचा दर. या धंद्यात एक ढोबळ नियम चालतो, की जागेचं भाडं एकूण खर्चाच्या साधारण एक तृतीयांश असतं. म्हणजे भाडं १०० धरलं तर खिशातून ३०० जाणार. उरलेले २०० जातात स्टॉलची बांधणी, फर्निचर, वीज, वाहतूक, माणसांचं राहणं-खाणं, छपाई यांत. शेल स्कीम घेतली तर तीन भिंती, कार्पेट, वर कंपनीच्या नावाची पट्टी, एक टेबल, दोन-तीन खुर्च्या, थोडे दिवे आणि एक प्लग पॉइंट मिळतो, आणि खर्च आटोक्यात राहतो. रॉ स्पेस घेतली तर हातात येते ती आखलेली मोकळी जमीन. पुढचं सगळं फॅब्रिकेटरकडून, म्हणजे स्टॉल बांधून देणाऱ्या कंत्राटदाराकडून, करून घ्यायचं. लहान कारखान्याने रॉ स्पेसच्या मोहात पडू नये असं मला वाटतं, पण जड मशीन आणणाऱ्याला बहुधा पर्याय नसतो.

मशीन नेणार असाल तर हिशोबाची जातच बदलते. जड माल हॉलमध्ये सर्वांत आधी आत जातो, कारण शेजारचे स्टॉल उभे राहिले की क्रेन फिरायला जागा उरत नाही. आणि त्याच कारणाने तो सर्वांत शेवटी बाहेर निघतो. त्यामुळे चार दिवसांच्या प्रदर्शनासाठी मशीन आणि एक फिटर दहा-बारा दिवस अडकतात, प्रवास वेगळाच. जमीन प्रति चौरस मीटर किती भार सोसते, हे आधी विचारायचं. किती किलोवॅट, थ्री फेज की सिंगल फेज, कॉम्प्रेस्ड एअर कोरडी मिळणार की पाणी थुंकणारी, हे महिनाभर आधी फॉर्मवर भरायचं. उशिरा मागितलं की दर चढतो. रात्री हॉलची वीज बंद करतात, तेव्हा कंट्रोलर किंवा चिलर सतत चालू लागत असेल तर चोवीस तासांचं कनेक्शन वेगळं मागावं लागतं.

परदेशी प्रदर्शनात आणखी दोन कागदांची भर पडते. मशीन दाखवून परत आणायचं असेल तर एटीए कार्नेट, म्हणजे तात्पुरत्या आयातीचा सीमाशुल्क परवाना, काढलं की ते मान्य करणाऱ्या देशांत आयात शुल्क भरावं लागत नाही. आणि लाकडी पेटीवर आयएसपीएम १५ या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा शिक्का हवा, म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवलेलं किंवा दुसऱ्या मान्य पद्धतीने जंतुमुक्त केलेलं. शिक्का नसला तर पेटी बंदरातच अडकते आणि स्टॉलवर तुम्ही आणि तुमचं ब्रोशर. अमेरिकेतल्या मोठ्या हॉलमध्ये ट्रकपासून स्टॉलपर्यंत माल नेण्याचं वेगळं बिल वजनावर लागतं. ते पहिल्यांदा पाहणाऱ्याचे डोळे पांढरे होतात.

हे सगळं धरूनही एक खर्च कोणत्याच फाइलमध्ये दिसत नाही. स्टॉलवर तुमची सर्वांत जाणती दोन माणसं उभी राहतात, आणि तेवढे दिवस ती कारखान्यात नसतात.

या पैशात किती भेटी मिळतात?

चार दिवस, रोज आठ तास, असे ३२ तास. दोन माणसं धरली तर ६४. सकाळचा पहिला तास आणि शेवटच्या दिवसाची दुपार जवळपास रिकामी जाते, जेवण, चहा आणि घसा बसणं वगळलं, तर कामाचे चाळीसएक तास उरतात. बोलणं आणि त्यानंतरची टिपण मिळून माणशी पंधरा-वीस मिनिटं धरली, तर १२० ते १६० भेटींपुढे गाडी जाऊच शकत नाही, मग हॉलमध्ये पन्नास हजार लोक येवोत की पाच लाख. त्यातही विद्यार्थी असतात, तुम्हालाच काहीतरी विकायला आलेले असतात, स्पर्धकाची माणसं गळ्यातला बिल्ला उलटा करून येतात, आणि पिशवी भरणारे तर असतातच. खरी गरज आणि खरेदीचा अधिकार दोन्ही असलेली माणसं तीस-चाळीस निघाली तरी प्रदर्शन चांगलं गेलं म्हणायचं.

आता एकूण खर्चाला या तीस-चाळीसने भागा आणि आलेला आकडा तुमच्या सेल्सच्या माणसाच्या एका बाहेरगावच्या भेटीच्या खर्चाशेजारी ठेवा. स्टॉलवरची भेट दुप्पट महाग पडत असली तरी मी ती घेईन, कारण तो माणूस अनोळखी आहे आणि स्वतःच्या पायाने आला आहे. पाचपट पडत असेल तर नाही घेणार. मधला भाग ज्याने त्याने ठरवावा. एका ऑर्डरची रक्कम मोठी असलेल्यांना तो जास्त झेपतो.

या गणितातून आणखी एक गोष्ट निघते. स्टॉल मोठा केल्याने भेटी वाढत नाहीत, माणसं वाढवली तर वाढतात. पण तीन बाय तीन मीटरच्या स्टॉलमध्ये टेबल आणि नमुने ठेवले की दोघंच नीट उभे राहू शकतात. तिसरा पॅसेजमध्ये उभा राहतो आणि येणाऱ्याची वाट अडवतो. म्हणून आधी माणसं मोजा, मग जागा.

नुसतं फिरणं

याला लोक कमी लेखतात. पास, प्रवास आणि पायांत चांगले बूट एवढ्या भांडवलात सगळे स्पर्धक दोन दिवसांत बघून होतात. कोण कोणत्या हॉलमध्ये आहे, कोणाकडे गर्दी आहे, ती गर्दी खरेदीदारांची आहे की चॉकलेट घेणाऱ्यांची, हे फक्त तिथे उभं राहूनच कळतं. पुढच्या खेपेला स्टॉल घ्यायचा झाला तर कोणता कोपरा मागायचा आणि कोणता खांबामागचा नाकारायचा, तेही नकाशावर समजत नाही.

जॉबवर्क करणाऱ्यांसाठी तर फिरणं हीच विक्री आहे. मशिनिंग, शीट मेटल, कास्टिंग, हीट ट्रीटमेंट अशी कामं करणाऱ्यांचं गिऱ्हाईक स्टॉलसमोरून चालत जात नाही, ते स्टॉलच्या आत उभं असतं. मशीन बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीला सुटे भाग कोणीतरी करून द्यावेच लागतात. अडचण एवढीच, की स्टॉलवर त्यांची सेल्सची माणसं असतात, परचेसची क्वचितच. तिथे आपली कहाणी लावू नये. परचेसमध्ये किंवा व्हेंडर डेव्हलपमेंटमध्ये कोणाला भेटायचं ते नाव विचारावं, एक नमुना दाखवावा, निघावं. आणि हे ऐन गर्दीत करू नये. शेवटच्या दिवशी जेवणानंतर तीच माणसं कंटाळलेली असतात आणि मोकळेपणाने बोलतात.

फिरण्याने मिळत नाही ते एकच: तुम्हाला शोधत नसलेला माणूस. ज्याला आपला प्रश्न सुटू शकतो हेच माहीत नाही, तो तुमच्या नमुन्यासमोर थबकतो, हे स्टॉलशिवाय घडत नाही. इंटरनेटवर शोधणाऱ्याला निदान वस्तूचं नाव तरी ठाऊक असतं. म्हणून नव्या प्रकारचं फिक्स्चर, नवी सीलिंगची पद्धत, कोणी न पाहिलेला गेज असा माल असेल तर माझं मत स्टॉलच्या बाजूने झुकतं.

सामायिक दालन

व्यापारी संघटना किंवा निर्यात मंडळं मोठी जागा एकत्र घेतात आणि आत लहान लहान स्टॉल देतात. खर्च कमी, बांधणी तयार, फॉर्म भरायची कटकट दुसऱ्याकडे. परदेशातल्या पहिल्या प्रदर्शनासाठी ही वाट मला सर्वांत शहाणपणाची वाटते. तोटे तिथे गेल्यावर दिसतात. दालन बऱ्याचदा हॉलच्या टोकाला असतं, येणाऱ्याला वरचा मोठा फलक आधी दिसतो आणि तुमचं नाव नंतर, शेजारी तुमचाच स्पर्धक असू शकतो, आणि चालतं मशीन दाखवायला सहसा परवानगी नसते. नाव देण्याआधी विचारून घ्या: बसून बोलायला टेबल मिळणार का, आणि शेजार कोण ठरवणार.

तेच पैसे बाहेर

कारखान्यातच ओपन हाऊस ठेवलं तर मशीन गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या पार्टवर चालवून दाखवता येतं, सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, त्याच्या घड्याळाने मोजता येतो, आणि शॉप फ्लोअर बघून जो विश्वास बसतो तो कार्पेटवर बसत नाही. ठरत आलेला सौदा पक्का करायला यासारखं काही नाही. पण येणार ते तुम्हाला आधीच ओळखणारे. गाठीभेटींचंही तेच. ज्यांची यादी तयार आहे त्यांनी इथेच थांबावं, पुढचं वाचण्याची गरज नाही.

मालागणिक उत्तर बदलतं

भांडवली मशिनरी विकणाऱ्याला प्रदर्शन टाळणं कठीण आहे. मशीन बघायचं असतं, आवाज ऐकायचा असतो, दार उघडून आत हात घालायचा असतो, शेजारच्या स्टॉलवरच्या मशीनशी ताडून बघायचं असतं. मात्र अशी खरेदी ठरायला वर्ष-दीड वर्ष सहज लागतं, तेव्हा प्रदर्शन यशस्वी झालं की नाही हे पुढच्या आर्थिक वर्षाआधी कळत नाही. ज्याला तीन महिन्यांत परतावा दाखवायचा आहे त्याने या वाटेला जाऊ नये. इन्सर्ट, चिकटद्रव्य, ओ-रिंग, वंगण असा सतत लागणारा माल असेल तर स्टॉलवर शेवटच्या गिऱ्हाइकापेक्षा डीलर शोधा. एक चांगला डीलर मिळाला तरी भाडं वसूल. लहान सुटे भाग असतील तर हातात घेता येईल असं काहीतरी ठेवा. मधोमध कापून आतला मार्ग दाखवणाऱ्या व्हॉल्व्हपाशी लोक थांबतात, भिंतीवर 'गुणवत्ता हेच आमचं ध्येय' लिहिलेल्या स्टॉलपाशी नाही. सॉफ्टवेअर आणि सल्ला-सेवा देणाऱ्यांनी आधी फिरून यावं. त्यांचा डेमो ऑनलाइन होतो.

आणि मोठं की लहान? बांधकाम यंत्रांचं म्युनिकचं बाउमा हे प्रदर्शन दर तीन वर्षांनी भरतं. २०२५ मध्ये तिथे सुमारे ३,६०० प्रदर्शक आणि सहा लाखांच्या आसपास लोक होते. अशा ठिकाणी येणारा माणूस हॉल आणि स्टॉलचे नंबर आधीच लिहून आणतो, कारण सगळं बघणं अशक्य असतं. नऊ चौरस मीटरमधला अनोळखी प्रदर्शक त्या चिठ्ठीत नसतो. तिथे जायचंच असेल तर भेटी आधी ठरवून जा, नाहीतर एकाच विषयाचं लहान प्रदर्शन निवडा. मला स्वतःला लहान, नेमकं प्रदर्शन आवडतं; तिथे येणाऱ्याला टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी तफावत, समजावून सांगावा लागत नाही.

मोठ्या प्रदर्शनांच्या तारखा आपल्यासाठी थांबत नाहीत, हेही ध्यानात घ्यावं. प्लास्टिकचं 'के' ड्युसेलडॉर्फला आणि रासायनिक प्रक्रियांचं आखेमा फ्रँकफुर्टला सहसा तीन वर्षांनी येतं. मशीन टूल्सचं एमो विषम वर्षांत हॅनोव्हर, हॅनोव्हर, मिलान अशा क्रमाने फिरतं, शिकागोचं आयएमटीएस सम वर्षांत. या चक्रात अर्धवट तयार मशीन रंग मारून नेण्याचा मोह होतो. नेऊ नका. स्टॉलवर बंद पडलेल्या मशीनची आठवण तुमच्या पुढच्या तीन कॅटलॉगपेक्षा जास्त टिकते.

ऑर्गनायझर येणाऱ्यांचा आकडा सांगेल तेव्हा एकच विचारा: ही माणसं मोजली आहेत की दारातून झालेल्या फेऱ्या? चार दिवस येणारा एक माणूस चार म्हणूनही मोजला जातो. आकड्यांचं त्रयस्थाकडून ऑडिट होतं का, तेही विचारा. जर्मनीत एफकेएम ही संस्था १९६५ पासून हेच काम करते, आणि प्रदर्शन उद्योगाची जागतिक संघटना युफी, जी १९२५ मध्ये मिलानला स्थापन झाली, आपली मान्यता देताना ऑडिट झालेले आकडे मागते. मागच्या वर्षीची प्रदर्शकांची यादीही मिळवा आणि त्यातले किती जण या वर्षी परत येत आहेत ते बघा. माझा भरवसा या दुसऱ्या आकड्यावर जास्त असतो, कारण तो पैसे भरून दिलेला अभिप्राय आहे.

दोन गोष्टी ज्या सौदा बिघडवतात

पहिली पेटंटची. नवी रचना स्टॉलवर उघड मांडली की अनेक देशांच्या कायद्याने तिचं नावीन्य संपतं. अमेरिकेत एक वर्षाची सवलत आहे. युरोपीय पेटंट करारातली सवलत मात्र १९२८ च्या पॅरिस करारात बसणाऱ्या अधिकृत आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांपुरती आहे आणि नेहमीची व्यापारी प्रदर्शनं त्यात बसत नाहीत. अर्ज आधी, स्टॉल नंतर. अर्ज झाला नसेल तर ती वस्तू कारखान्यातच ठेवा आणि जुना माल न्या.

दुसरी गोष्ट घरातलीच. प्रदर्शनानंतरच्या आठवड्यात कोटेशन करायला माणूस मोकळा आहे का? बहुतेक ठिकाणी इस्टिमेशन करणारा एकच असतो, त्याच्या टेबलावर आधीच ढीग असतो, आणि स्टॉलवरून आणलेली कार्डं रबर बँड लावून ड्रॉवरमध्ये जातात. अशा अवस्थेत स्टॉल घेणं म्हणजे गळक्या बादलीने पाणी भरणं. स्टॉलवरच प्रत्येक भेटीनंतर लगेच लिहून ठेवायचं: कोणता पार्ट, वर्षाला किती नग, आत्ता कोणाकडून घेतात, कधीपर्यंत हवंय. पहिल्या प्रतीच्या एन्क्वायरींना आठवड्याच्या आत उत्तर गेलं पाहिजे. हे जमणार नसेल तर या वर्षी फिरून या. ऑर्डर बुक आठ-दहा महिन्यांची भरलेली असेल तरी हेच सांगेन.

'आपण दिसलो नाही तर लोक म्हणतील कंपनी बंद पडली', हा युक्तिवाद बऱ्याच बैठकांमध्ये निर्णायक ठरतो. जे आजवर कधीच दिसले नाहीत त्यांना तो लागू नाही. सात-आठ वर्षं त्याच कोपऱ्यात उभे राहिलेल्यांना मात्र थोडा लागू आहे, कारण रिकाम्या कोपऱ्याचा अर्थ स्पर्धकाचा सेल्समन आवडीने समजावून सांगतो. त्यांनी एकदम गायब होऊ नये, स्टॉल निम्मा करावा.

शेवटच्या दिवशी ऑर्गनायझरची माणसं पुढच्या प्रदर्शनाचे बुकिंग फॉर्म घेऊन स्टॉलोस्टॉली फिरतात, सवलतीचा दर सांगतात, हीच जागा राखून ठेवतो म्हणतात. तेव्हा तुमच्या हातात फक्त कार्डं असतात, ऑर्डर एकही नसते. फॉर्म घ्या, पैसे न भरता जागा कोणत्या तारखेपर्यंत राखतील ते लेखी मागा, आणि ती तारीख तुमच्या पहिल्या कोटेशनांची उत्तरं यायच्या नंतरची मिळते का ते बघा.